कोंड्याचा मांडा होईना: १९२ कोअर, आणि प्रत्येक जण म्हणतो 'मी शून्य'

मृगनक्षत्र (रविवार, रात्री ११.४०)

नमस्कार मंडळी. पीएचडीचं तिसरं वर्ष आहे आणि या शुक्रवार-शनिवारात मी आमच्या क्लस्टरवर (अनेक संगणक जोडून केलेला सगळ्यांचा मिळून महासंगणक) ४,६०८ कोअर-तास जाळले; एक कोअर एक तास चालला की एक कोअर-तास. हाती काय लागलं, तर कोइमतूरपर्यंतचा पाऊस. उद्या सोमवार, आणि सोमवारी रात्री कुणी किती क्लस्टर वापरला याचा मेल सरांना जातो. त्याआधी निदान काय चुकलं एवढं तरी मला सांगता यायला हवं.

पहिल्यापासून सांगते. मोबाइलवरून टंकतेय, कमांड बोलतो तशाच लिहिल्यात, समजून घ्या.

हवामान विभागाचा रोजच्या पावसाचा पाव अंशाचा ग्रिड डेटा आहे, १९०१ पासूनचा. त्यातली २०२२ पर्यंतची १२२ वर्षं मी घेतली. वर्षाला एक फाइल. ग्रिड १२९ गुणिले १३५, त्यातले जमिनीवरचे बिंदू सुमारे पाच हजार. प्रत्येक बिंदूसाठी दर वर्षाचे पाच आकडे काढायचे: एका दिवसातला सर्वांत मोठा पाऊस, सलग पाच दिवसांतला सर्वांत मोठा, ६४.५ मिलिमीटरच्या वरचे दिवस, ११५.६ च्या वरचे दिवस, आणि जून ते सप्टेंबरची बेरीज. मग प्रत्येकाचा १२२ वर्षांतला कल, म्हणजे सरळ रेषेचा उतार. उतार खरा की योगायोगाचा हे ठरवायला वर्षं पत्त्यांसारखी दहा हजार वेळा पिसायची, दर वेळी उतार नव्याने काढायचा आणि आपला उतार त्या दहा हजारांत कुठे बसतो ते बघायचं. माझं घर आजऱ्यात, त्यामुळे तपासायला मी नेहमी आंबोलीजवळचा बिंदू घेते, १६ उत्तर ७४ पूर्व. तिथला पाऊस आकड्यांच्या आधी अंगावर घेतलाय.

लूप साधा आहे, पायथनमधला. बिंदू घ्या, एक्सअ‍ॅरेच्या ओपन-एमएफ-डेटासेटने १२२ फायली उघडा, तो बिंदू निवडा, पाच आकडे काढा, सायपायच्या लिनरिग्रेसने दहा हजार वेळा उतार काढा, पुढच्या बिंदूवर जा. लॅपटॉपवर एका बिंदूला दोन मिनिटं. पाच हजार बिंदू म्हणजे सात दिवस. सात दिवस लॅपटॉप टेबलफॅनसमोर ठेवायची माझी तयारी होती. सर म्हणाले, "मग क्लस्टर काय पूजेला ठेवलाय?"

पहिला आठवडा नुसता इन्स्टॉल करण्यात गेला. पिपने (पायथनची पुडकी टाकणारा) नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी टाकायला गेले, तर तो म्हणे मी इथेच स्वतःला बांधून घेतो, आणि अर्ध्यावर म्हणे तुमचा जीसीसी (कंपायलर) फार जुना आहे. बघितलं तर ४.८.५. मग कोंडा घेतला, पिपसारखाच दुसरा इन्स्टॉलर. तो लॉगिन नोडवर (क्लस्टरमध्ये शिरायचा संगणक) चाळीस मिनिटं 'सॉल्व्हिंग एन्व्हायर्नमेंट' करत फिरला आणि शेवटी एकच शब्द आला: किल्ड. कुणी मारला, का मारला, काही नाही. दुसऱ्या खेपेला 'डिस्क कोटा एक्सीडेड', आणि जागा बघावी तर निम्मी रिकामी! दोन दिवसांनी कळलं की कोटा जागेचा वेगळा आणि फायलींच्या संख्येचा वेगळा असतो. एमएस्सीच्या काळातलं सगळं पुसून टाकलं तेव्हा कुठे कोंडा मावला. अनेक प्रोसेसना एकमेकांशी बोलता यावं म्हणून एमपीआय असतं; ते पायथनमधून वापरायचं एमपीआयफॉरपायसुद्धा कोंडानेच टाकलं. बिंदू १९२ जणांत वाटायचा कोड लिहिला, रांगेत जॉब टाकायची एसबॅचची स्क्रिप्ट एका सीनियरकडून उचलली: चार नोड (म्हणजे चार संगणक), नोडला ४८ कोअर, चोवीस तास. रांगेत दोन दिवस. शुक्रवारी दुपारी सुरू झालं, शनिवारी दुपारी टाइमआउट.

लॉग उघडला तर पहिल्या १९२ ओळी अशा: 'मी शून्य, एकूण एक.' 'मी शून्य, एकूण एक.' म्हणजे माझा नंबर शून्य, आणि एकूण प्रोसेस एकच. देवळात जप चालावा तसं. चोवीस तासांत झाले फक्त २०५ बिंदू. मी दक्षिणेकडून सुरुवात केली होती, त्यामुळे कन्याकुमारीहून निघालेली गाडी कोइमतूरच्या आसपास बंद पडली. महाराष्ट्र आलाच नाही. माझ्या लॅपटॉपनेसुद्धा तेवढ्या वेळात ७२० केले असते.

वर शनिवारी अ‍ॅडमिनचा मेल आला की तुमच्या जॉबमुळे सगळ्यांची फाइलसिस्टीम मंदावली आहे, संपर्क करा. मी अजून उत्तर दिलेलं नाही. धीरच होत नाहीये.

तर प्रश्न दोन. हे १९२ जण एकमेकांना ओळखत का नाहीत? आणि लॅपटॉपपेक्षा हळू का?

फोरट्रानभक्त (रविवार, रात्री ११.५८)

पायथन सोडा. डब्ल्यूआरएफसारखी हवामानाची मॉडेलं आजही फोरट्रानमध्येच आहेत, त्याला कारण आहे. तुमचं सगळं काम दोनशे ओळींत बसेल.

सिस्टीमकाका (सोमवार, पहाटे ५.२०)

आधी अ‍ॅडमिनला उत्तर द्या. हे वाचायचं थांबवून. एकवीस वर्षं तो मेल पाठवण्याची नोकरी मी केली आहे. त्या मेलमागे राग नसतो, 'हा माणूस जिवंत आहे का' एवढीच चौकशी असते. 'माझ्याकडून झालं, पुन्हा तसा जॉब टाकणार नाही, कारण शोधते आहे' अशा तीन ओळी लिहिल्यात की तो तुमचा मित्र. दोन आठवडे गप्प बसलात की खातं बंद करतो, आणि बरोबर करतो.

फोरट्रानभक्तांना: नमपायच्या पोटात उतरलात तर रेषीय समीकरणं सोडवायला लॅपॅकच बसलेलं सापडेल, आणि ते तुमच्याच लाडक्या भाषेतून आलंय. शिवाय दर बिंदूला १२२ फायली उघडणारा फोरट्रानसुद्धा कोइमतूरलाच थांबला असता.

आता 'मी शून्य, एकूण एक'. एमपीआयमध्ये दोन पक्ष असतात. बाहेरून एमपीआयरन किंवा एसरन, जो १९२ प्रोसेस उठवतो. आणि प्रत्येक प्रोसेसच्या आत एमपीआयची लायब्ररी, जी उठल्यावर विचारते, मला कुणी उठवलं, माझा नंबर काय. या दोघांची बोली एक असावी लागते. तुमच्या क्लस्टरवर बहुतेक ओपनएमपीआय किंवा इंटेलचं एमपीआय असेल. कोंडाने एमपीआयफॉरपायबरोबर स्वतःचं एमपीआय आणलं, ते वेगळ्या घरचं, बहुधा एमपिच. बाहेरच्याने १९२ जणांना नंबर वाटले, आतल्यांना ते वाचताच आले नाहीत. एररही येत नाही, कारण एकट्या प्रोसेसने एमपीआय चालवणं हा गुन्हा नाही. प्रत्येकाला वाटलं आपण एकटेच आहोत. म्हणून प्रत्येकाने कन्याकुमारीपासून सगळं काम एकट्याने करायला घेतलं आणि एकाच निकालाच्या फाइलवर १९२ जणांनी लिहिलं. तुमच्याकडे २०५ बिंदूंचं उत्तर १९२ वेळा काढलेलं आहे.

हे पुन्हा लागलंच तर असं करा. आधी मॉड्यूल लोडने क्लस्टरचा नवा जीसीसी आणि एमपीआय घ्या. मग एमपीआयफॉरपाय पिपने टाका, पण नो-बायनरी आणि नो-कॅश-डिर सांगून, म्हणजे तो तयार पुडकं न घेता समोर असलेल्या एमपीआयवर इथेच बांधला जाईल. नंतर दोन प्रोसेसचा पाच मिनिटांचा जॉब टाकून आतून लायब्ररीचं नाव-आवृत्ती छापून बघा. 'शून्य, एकूण दोन' आणि 'एक, एकूण दोन' दिसलं तरच पुढे जा. चोवीस तासांच्या जॉबआधी पाच मिनिटांचा जॉब न टाकणारी माणसं मी इतकी पाहिली की एके काळी लॉगिनच्या स्वागतसंदेशातच ते घातलं होतं. कुणी वाचलं नाही.

पिपचं जीसीसीवर रडणं का झालं तेही सांगतो, कारण यात लोकांचे आठवडे जातात. क्लस्टरवर जीसीसी ४.८.५ म्हणजे सेंटओएस ७ किंवा त्याच्या भाऊबंदांपैकी काहीतरी. त्यातली जीलिबसी (सिस्टीमची मूळ सी लायब्ररी) २.१७. नमपायच्या नव्या आवृत्त्यांची तयार पुडकी याहून नवी जीलिबसी मागतात. पिप काय करतो? जुनी पण चालणारी आवृत्ती घेण्याऐवजी नवी आवृत्ती घेतो आणि सोर्सपासून बांधायला बसतो. त्याला ओन्ली-बायनरी ऑल असं सांगा, निमूटपणे मागची आवृत्ती उचलेल. तुम्हाला दोन वर्षांपूर्वीच्या नमपायने काहीही फरक पडणार नाही.

आता मंद का, हा खरा मुद्दा. पुण्यात सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक उभा केला तो १९९१ साली, ट्रान्सप्युटर नावाच्या चिपवरचा. त्याच वर्षी फेब्रुवारीत पायथनची पहिली आवृत्ती बाहेर पडली. दोघं एका वयाची, पण स्वभाव अजून जुळलेले नाहीत. महासंगणकाची डिस्क थोड्या आणि प्रचंड मोठ्या फायलींसाठी बांधलेली असते, पायथन म्हणजे मोहरीएवढ्या फायलींचं पोतं. कोंडाचं एक एन्व्हायर्नमेंट आणि त्याची पुडक्यांची कॅश मिळून फायली सहज लाखाच्या घरात जातात, म्हणून तुमचा संख्येचा कोटा आधी भरला. (कोंडा क्लीन ऑल एकदा चालवा, थोडाफार कोटा सुटेल. मिनीफोर्ज (कोंडाचा इन्स्टॉलर) होममध्ये नको, ग्रुपच्या प्रोजेक्ट डिरेक्टरीत टाका. कोंडा इनिटने बॅशआरसीत लिहिलेलं काढून टाका आणि जॉब स्क्रिप्टमध्ये कोंडा डॉट एसएच सोर्स करून मग अ‍ॅक्टिव्हेट करा.)

लस्टर या फाइलसिस्टीममध्ये माल ठेवणारे सर्व्हर पुष्कळ असतात, पण कोणती फाइल कुठे आहे हे सांगणारे मेटाडेटा सर्व्हर अगदी मोजके, पुष्कळ ठिकाणी तर एकच. रेशन दुकानात गोदामं दहा आणि खिडकी एक, तसं. तुम्ही लूपच्या आत फायली उघडता. २०५ बिंदू, गुणिले १२२ फायली, गुणिले १९२ प्रोसेस: अठ्ठेचाळीस लाख वेळा त्या खिडकीवर टकटक. अ‍ॅडमिनचा मेल का आला ते कळलं असेल.

त्यात फायली दिवसांच्या क्रमाने रचलेल्या आणि बहुधा दाबलेल्या. एका बिंदूची १२२ वर्षं हवी असली तरी अख्खा डेटा उलगडावा लागतो. ४४,५६० दिवस गुणिले १७,४१५ खाने गुणिले चार बाइट, म्हणजे ३.१ जीबी. एका आंबोलीसाठी. मग परत सगळं बंद करून पुढच्या बिंदूसाठी तेच.

आणि थ्रेड. एक्सअ‍ॅरेच्या मागे काम तुकड्यांत वाटणारा डास्क असतो, नमपायच्या मागे मॅट्रिक्सचं गणित करणारं ओपनब्लास. दोघंही उठल्याबरोबर किती कोअर दिसतात ते मोजून तेवढे थ्रेड (एकाच प्रोसेसच्या आत समांतर चालणारे कामगार) काढतात. प्रोसेस कोअरला बांधलेले नसतील तर ४८ प्रोसेस, प्रत्येकाचे ४८ थ्रेड, नोडवर २,३०४ जण आणि बसायला जागा ४८. डास्कला त्याचे थ्रेड वेगळे कमी करायला सांगा, आणि ओपनब्लाससाठी स्क्रिप्टमध्ये ओएमपी-नम-थ्रेड्स एक करा. पायथनच्या आतून करणार असाल तर इम्पोर्ट नमपायच्या आधी, नंतर केलं तर ऐकत नाही.

आता माझा सल्ला. तुम्हाला एमपीआय लागतच नाही. आंबोलीच्या बिंदूला गगनबावड्याच्या बिंदूशी गणितात काही बोलायचंच नाहीये. एकदाच, एका प्रोसेसने सगळ्या फायली वाचा, जमिनीवरचे बिंदू ठेवा, रचना अशी उलटी करा की एका बिंदूचे सगळे दिवस शेजारी शेजारी येतील, आणि नमपायची एक एनपीवाय फाइल लिहा. नऊशे एमबीच्या आत बसेल. एका बिंदूचा तुकडा १७८ केबीचा होतो, आणि तुम्ही आजवर त्यासाठी तीन जीबी उपसत होता. ती फाइल एम-मॅप करून उघडा, म्हणजे नोडवरच्या ४८ प्रोसेस मेमरीतली एकच प्रत वापरतील. मग एक नोड, पायथनच्याच मल्टिप्रोसेसिंगचा पूल (बिंदू वाटून घेणाऱ्या प्रोसेसची टोळी), झालं.

सरांना सांगण्याआधी एक मोजा: दोन मिनिटांतली वाचण्यात किती आणि गणितात किती. माझा अंदाज, दीड मिनिटाच्या वर वाचण्यात.

मृगनक्षत्र (सोमवार, रात्री १०.०५)

काका, साष्टांग.

अ‍ॅडमिनना सकाळी साडेसहाला लिहिलं. पाऊण तासात उत्तर आलं: 'धन्यवाद. पुढच्या वेळी सुरू करण्याआधी विचारलंत तरी चालेल.' बस, एवढंच! यासाठी मी शनिवारची रात्र जागून काढली होती.

मोजलं. १ मिनिट ४६ सेकंद वाचण्यात, १४ सेकंद गणितात. इतके दिवस मी एकदाही मोजलं नव्हतं. 'पायथन हळू असतो' हे इतक्यांदा ऐकलंय की दोन मिनिटं लागतात म्हटल्यावर लागतच असतील असं धरून चालले होते.

डेटा फिरवून लिहिला, ८९० एमबी. दुपारी एका नोडचा एक तासाचा जॉब टाकला. लहान जॉब असल्यामुळे रांगेत वीस मिनिटंच लागली (रांग सांभाळणारा स्लर्म मोठ्या जॉबच्या फटीत लहान जॉब बसवतो म्हणे, हेही आजच कळलं). २६ मिनिटांत अख्खा भारत संपला. कोअर-तास एकवीस. शुक्रवारचे ४,६०८ आठवले की पोटात अजून कालवतं.

सरांना मेल मिळायच्या आत मीच जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "मग नकाशा कधी?"

धागा मिटवायला हरकत नाही.

राइनकाठ (मंगळवार, दुपारी २.३०)

मिटवू नका, एक राहिलंय. मी जर्मनीत एका संगणन केंद्रात वापरकर्त्यांच्या मदतीला असतो, मूळ मिरजेचा. सिस्टीमकाकांनी डिस्कचं सगळं सांगितलं, त्यात एवढंच घालतो की फायलींच्या संख्येचा त्रास कायमचा घालवायचा तर ॲपटेनर बघा (पूर्वी याला सिंग्युलॅरिटी म्हणत). अख्खं एन्व्हायर्नमेंट एका फाइलमध्ये जातं, लस्टरला लाखाऐवजी एकच फाइल दिसते, आणि आत स्वतःची जीलिबसी असल्याने सेंटओएस ७ ची अडचणही जाते. एमपीआय मात्र तिथेही बाहेरच्याशी जुळवावंच लागतं, ते दुखणं सुटत नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. पिसणं कसं केलंत? कोडच्या वर एनपी-रँडम-सीड ४२ (पिसण्याची सुरुवात ठरवणारं बी) लिहून पूल सुरू केला असेल, तर लिनक्सवर फोर्क होताना, म्हणजे प्रोसेसच्या प्रती निघताना, त्या ४८ मुलांना आईची तीच अवस्था मिळते. म्हणजे ४८ जण एकाच क्रमाने पत्ते पिसतात. तुमचे सगळे निकाल आपापसांत गुपचूप बांधलेले असतील, तेही अर्धवट, कारण कुठला बिंदू कुठल्या मुलाकडे गेला त्यावर ते अवलंबून. स्वतंत्र हवं असेल तर सीडसीक्वेन्सकडून प्रत्येक बिंदूला वेगळं बी घ्या.

पण तुम्हाला स्वतंत्र हवं आहे का, हे आधी ठरवा. आंबोलीला ज्या वर्षी धो धो पडतो त्या वर्षी गगनबावड्यालाही पडतो. पाच हजार बिंदूंवर पाच टक्क्यांची कसोटी लावलीत तर काहीही कल नसताना सरासरीने अडीचशे बिंदू 'महत्त्वाचे' म्हणून रंगतील, आणि शेजारी एकमेकांसारखे असल्याने ते पुंजक्यांनी रंगतील. नकाशावर पुंजका दिसला की परीक्षकाआधी आपणच फसतो. असे खोटे 'महत्त्वाचे' आवरणारी बेंजामिनी आणि होकबर्ग यांची १९९५ ची रीत लावा, ते एक. आणि दुसरं, सगळ्या देशासाठी वर्षं एकाच क्रमाने पिसा. १९६१ उचललं तर सगळ्या बिंदूंचं १९६१ उचला. शेजाऱ्यांचं नातं तसंच राहतं, फक्त काळाशी असलेलं तुटतं, आणि 'एवढे बिंदू योगायोगाने रंगू शकतात का' हे थेट मोजता येतं. तुमची चूकच, पण ठरवून आणि पूर्ण केलेली.

आता हे केलंत की गंमत बघा. सरळ रेषेचा उतार म्हणजे काय? वर्ष वजा सरासरी वर्ष, गुणिले त्या वर्षाचा आकडा, सगळ्यांची बेरीज, भागिले एक ठरलेली संख्या. पिसलेले क्रम सगळ्यांना एकच असतील तर दहा हजार क्रमांचा एक मॅट्रिक्स करा, दहा हजार गुणिले १२२. आकड्यांचा दुसरा, १२२ गुणिले पाच हजार. दोघांचा गुणाकार म्हणजे सगळ्या देशाचे सगळे दहा हजार उतार, एका ओळीत. गुणाकार आणि बेरजा मिळून बाराशे कोटींच्या आसपास होतात. ऐकायला भयंकर, पण साध्या लॅपटॉपच्या ओपनब्लासला याला काही सेकंद पुरतात. उत्तराचा मॅट्रिक्स ४०० एमबी. लिनरिग्रेस दर हाकेला पी-व्हॅल्यू, स्टँडर्ड एरर सगळं काढत बसतो, आणि तुम्ही त्याला पंचवीस कोटी हाका मारत होता.

सिस्टीमकाका (मंगळवार, संध्याकाळी ७.१५)

हे मला सुचायला हवं होतं. पण मी अ‍ॅडमिन, दुखणं डिस्कमध्येच शोधतो.

फोरट्रानभक्त (मंगळवार, रात्री ९.४०)

ओपनब्लासच्या जागी इंटेलचं एमकेएल लावून बघा, अजून कमी लागेल. (भाषेबद्दल बोलत नाही.)

मृगनक्षत्र (गुरुवार, रात्री ११.१०)

राइनकाठ, सीड ४२ च होतं. तुम्हाला कसं कळलं विचारत नाही, सगळ्यांचंच ४२ असतं.

बुधवारचा दिवस वहीवर घालवला. उताराचं सूत्र तर बारावीपासून पाठ होतं, पण तो गुणाकार आहे असं कधी बघितलंच नव्हतं. तुम्ही सांगितल्यावरही पटायला वेळ लागला, म्हणून आधी आंबोलीच्या एकाच बिंदूवर दोन्ही रीतींनी केलं, तेच क्रम देऊन. उतार दहाव्या दशांशापर्यंत जुळले. मग लॅपटॉपवर सगळे बिंदू, पाचही आकडे: फाइल वाचण्यासकट एकोणीस सेकंद. पहिल्यांदा वाटलं काहीतरी रिकामंच चाललंय, म्हणून तीनदा चालवलं. त्या तीनही वेळा मिळून एक मिनिटही झालं नाही.

आता सरांपुढे नवी अडचण. सोमवारी मी त्यांना २६ मिनिटं सांगून आले होते, आज एकोणीस सेकंद सांगितले. ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात ये, तोवर शून्यावर येईल." मग म्हणाले की क्लस्टरचे तास उरलेच आहेत तर हेच हवामान मॉडेलांच्या निकालांवर करूया. तिथे डेटा तीन जीबी नाही, काही टीबी आहे, आणि तो लॅपटॉपवर येणारच नाही.

म्हणून काका, एक शेवटचं. तो डेटा स्क्रॅचवर (तात्पुरत्या कामाची डिस्क) ठेवायचा म्हणतात, आणि आमच्याकडे स्क्रॅचवरची तीस दिवस न वापरलेली फाइल आपोआप पुसली जाते. मोठ्या फायली लस्टरवर अनेक सर्व्हरांत पसरून ठेवता येतात हे वाचलं, एलएफएस सेटस्ट्राइप. ते फाइल लिहिण्याआधी करायचं की नंतर चालतं?

सिस्टीमकाका (शुक्रवार, पहाटे ५.०५)

आधी. डिरेक्टरी रिकामी असताना तिच्यावर सेटस्ट्राइप करा, मग त्यात जे नवं लिहाल ते तसं पसरेल. आधीपासून असलेल्या फायली जागच्या हलत नाहीत, त्यांची नवी प्रत काढावी लागते किंवा एलएफएस मायग्रेट वापरावं लागतं. लहान फायलींना पसरवू नका, एकच सर्व्हर पुरे, नाहीतर उलट मंदावतं. काही जीबींच्या फाइलला चार किंवा आठ.

आणि या वेळी सुरू करण्याआधी तुमच्या अ‍ॅडमिनना विचारा. त्यांनी स्वतःहून म्हटलंय ना.